रोबोट थेरपीसाठी लेकराला नागपूरला न्यावं का?

दारव्हा तालुक्यातल्या एका गावातून एका बाबांनी विचारलं आहे. मुलगा साडेपाच वर्षांचा, ऑटिझमचं निदान गेल्या वर्षी झालं. चार-सहा शब्द बोलतो. हाक मारली तर वळून पाहत नाही, बोट दाखवत नाही, काही हवं असलं की जवळ असेल त्याचा हात धरून ओढतो. फिरत्या पंख्याकडे मात्र बघत राहतो. नागपूरच्या एका सेंटरने तीन महिन्यांचं 'रोबोट थेरपी'चं पॅकेज सांगितलं आहे, आठवड्यातून दोन दिवस. बाबांचं कृषी केंद्र आहे, आई घर आणि शेत दोन्ही पाहते. मेहुण्याने पाठवलेल्या व्हिडिओत छोटा माणसासारखा रोबोट हात हलवतो आणि एक मूल त्याच्याकडे बघून खुदकन हसतं. बाबा विचारतात, "मॅडम, याने फरक पडते का? न्यावं का? की पैसे जमवून रोबोट घरीच घ्यावा?"

भाऊ, मी विशेष शिक्षिका आहे. यवतमाळ-वर्ध्याकडच्या गावांत अशा लेकरांसोबत काम करते त्याला चौदा वर्षं झाली. त्यातली दीड वर्षं एका प्रकल्पात असाच गुडघ्याएवढा रोबोट आमच्याकडे होता. त्यामुळे ऐकीव नाही, हाताखालून गेलेलं सांगते.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं. तुम्ही लिहिलंय, "तो आजीच्या बाजूला तासभर बसते, पण आजी तिथं आहे हे त्याले समजते की नाही तेच कळत नाही." माझ्या मते खरा प्रश्न हा आहे. रोबोटकडे तो पाहील की नाही, याची मला फारशी काळजी नाही, बहुधा पाहील. आजीकडे कसा पाहील, ते आपल्याला सोडवायचंय.

साधारण वर्षाच्या आसपास लेकरं एक गोष्ट करू लागतात. अंगणात कुत्रं आलं की कुत्र्याकडे बघतात, मग आईकडे, पुन्हा कुत्र्याकडे. "पाह्य, मी काय पाहून राहिलो" असं न बोलता सांगतात. थेरपीच्या भाषेत याला जॉइंट अटेन्शन म्हणतात. मी आयांना 'तिकोन' म्हणून सांगते: एक टोक लेकरू, एक टोक वस्तू, एक टोक माणूस. बोलणं, नक्कल करणं, आळीपाळीने खेळणं, हे पुढचं सगळं या तिकोनावर उभं राहतं. तुमच्या मुलाच्या बाबतीत पंखा आहे, तो आहे, पण तिसरं टोक जुळलेलं नाही. हात ओढून नेतो तेव्हाही तो हात ओढतो, हातामागच्या माणसाला सांगत नाही.

यात रोबोट कुठून आला? 1976 साली एडिंबरामध्ये सिल्व्हिया वीअर आणि रिकी इमॅन्युएल यांनी सात वर्षांच्या एका ऑटिस्टिक मुलासोबत यंत्र वापरल्याचं लिहिलं. त्या यंत्राला ना तोंड ना हात. बटणं दाबली की जमिनीवर फिरणारं ते 'टर्टल', म्हणजे कासव. माणसासारखे रोबोट बरेच नंतर आले. ब्रिटनच्या हर्टफर्डशायर विद्यापीठातला कास्पर 2005 पासूनचा, लहान मुलाच्या आकाराचा. त्याचा चेहरा मुद्दाम साधा ठेवलाय, बारीकसारीक हावभाव काढून टाकलेले. फ्रान्समध्ये तयार झालेला नाओ 58 सेंटीमीटर उंच आणि साडेपाच किलोच्या आसपास. तुमच्या व्हिडिओतला बहुधा त्याच जातीचा असावा.

साधा चेहरा मुद्दाम का? मी तुमच्याशी बोलते तेव्हा माझ्या भुवया हलतात, आवाज चढतो-उतरतो, हात फिरतात, पदर सरकतो, बांगड्या वाजतात. आपल्याला यातलं काय बघायचं आणि काय सोडायचं ते आपोआप कळतं. पुष्कळ ऑटिस्टिक लेकरांना ते आपोआप कळत नाही, सगळं एकदम अंगावर येतं. रोबोट एका वेळी एकच गोष्ट करतो. हात हलवला की फक्त हातच हलतो. पन्नासाव्या वेळीही तसाच हलतो. थकत नाही, वैतागत नाही, "किती वेळा सांगू रे" म्हणत नाही. पुढे काय होणार ते लेकराला आधी कळतं, आणि ते कळलं की भीती उतरते.

अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रायन स्कॅसेलाटी यांच्या गटाचा 2018 चा अभ्यास मला विश्वासाचा वाटतो. 12 मुलं, प्रत्येकाच्या घरी रोबोट, महिनाभर, रोज अर्धा तास. रोबोट खेळ खेळवायचा, मध्येच मोठ्या माणसाकडे वळून बघायचा, म्हणजे लेकराची नजरही तिकडे जावी. महिन्याने त्या मुलांचं मोठ्या माणसांसोबतचं लक्ष सुधारलं, रोबोट समोर नसतानाही. पण दोन गोष्टी विसरू नका. एक, मुलं बाराच होती. या विषयातले बहुतेक अभ्यास असेच लहान आणि थोड्या दिवसांचे असतात. दुसरी, ते रोज घरी चाललं आणि आई किंवा बाबा शेजारी बसलेले असायचे. तुम्हाला सांगितलेलं पॅकेज आठवड्यातून दोनदा, दूरच्या शहरात आहे. आई-बाबा आत बसणार की बाहेर बाकड्यावर, तेही तुम्हाला अजून माहीत नाही.

आता माझ्याकडचं. एक सात वर्षांचा मुलगा होता, त्याला आपण गोलू म्हणू. बोलत नव्हता. पहिले तीन दिवस तो दाराशीच उभा राहिला. चौथ्या दिवशी रोबोटजवळ जाऊन त्याच्या बोटांना आपलं बोट लावून पाहिलं. मग त्याला नादच लागला. रोबोट टाळी द्यायचा, गोलू टाळी द्यायचा. आम्ही सगळे खूश, त्याची आई डोळे पुसायची. मी मात्र वहीत लिहिलं होतं, 'आज 40 मिनिटांत माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.' टाळ्या वाढत होत्या, पण तिकोन होत नव्हता. तुमच्या मुलाचा जसा पंखा, तसा गोलूचा रोबोट झाला होता, एवढंच.

एप्रिलचा महिना, कूलर बंद, लाइन गेलेली. रोबोट बॅटरीवर चालू होता. उन्हाने त्याच्या गुडघ्यातली मोटर तापली आणि तो हात वर उचललेला तसाच खाली बसून गेला. गोलूचा हात टाळीसाठी हवेत. त्याने रोबोटचा हात हलवून पाहिला. एक सेकंद, दोन सेकंद. मग त्याने मान वळवली आणि सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं. मग पुन्हा रोबोटकडे, पुन्हा माझ्याकडे. माझ्या हातातला, रोबोट चालवायचा टॅबलेट खाली पडता पडता वाचला. मी फक्त म्हटलं, "बंद पडलं ना? चालू करू?" तो काही बोलला नाही, पण माझा हात धरून ओढलाही नाही. उभा राहून वाट पाहत होता, माझ्याकडे बघत.

त्या दिवसापासून मी रोबोट मुद्दाम थांबवायला लागले. चार टाळ्या झाल्या की थांबवायचा आणि आपण गप्प बसायचं. लेकराने आपल्याकडे पाहिलं की लगेच चालू करायचा. रोबोट सारखा चालत राहिला तर लेकराला माणसाची गरजच पडत नाही. तो थांबतो आणि चालू करणारा माणूस शेजारी बसलेला असतो, तेव्हा तिसरं टोक जुळतं. पुढे थांबे वाढवले. मग टाळी रोबोटने एक आणि मी एक. मग मी दोन आणि आईने एक. साडेचार महिन्यांनी गोलूच्या घरी टाळ्यांचा खेळ चालायचा आणि रोबोट आमच्या कपाटात असायचा.

सगळ्यांचं असं झालं नाही, तेही सांगितलं पाहिजे. एका मुलीला मोटरचा घुईंऽऽ आवाज सहन व्हायचा नाही, ती कान दाबून भिंतीकडे तोंड करायची. दोन सत्रं पाहिलं आणि सोडून दिलं, तिच्यावर जबरदस्ती करण्यात काही अर्थ नव्हता. दोन मुलांचं कौतुक महिन्याभरात ओसरलं, रोबोट दिसला तरी बघेनात. एक मुलगा रोबोटच्याच सुरात "नऽमऽस्काऽर बाऽळा" म्हणायला शिकला आणि गावात कोणी भेटलं की तेच म्हणायचा. चूक आमची होती. त्याच्या घरात "काय करून राहिला रे बाबू" असं बोलतात आणि आम्ही रोबोटमध्ये पुस्तकी वाक्यं भरली होती. नंतर त्याच्या मोठ्या आईच्या आवाजात वाक्यं रेकॉर्ड करून घातली, "ये न बाबू, खेळू," तेव्हा ती घरीही चालली. कुणाला लागू पडेल हे आधी सांगता येत नाही. ज्याला वस्तूंची, यंत्रांची ओढ आहे आणि आवाजाचा त्रास नाही, त्याला पडण्याची शक्यता जास्त, एवढं माझ्या अनुभवावरून म्हणते. तुमचा मुलगा पंख्यावर जीव टाकतो, तो कदाचित त्यातला असेल.

व्हिडिओत दिसत नाही अशी आणखी एक गोष्ट. रोबोट लेकराला 'ओळखतो', 'ऐकतो' असं वाटतं, पण पुष्कळ ठिकाणी बाजूला कोणीतरी टॅबलेट घेऊन बसलेलं असतं आणि तेच ठरवतं, आता हात हलव, आता थांब. लहान मुलाचं अर्धंमुर्धं बोलणं, तेही वऱ्हाडी, यंत्राला समजणं फार कठीण. म्हणून सेंटरमध्ये गेलात तर रोबोटकडे कमी आणि टॅबलेट धरणाऱ्या माणसाकडे जास्त बघा. त्या व्यक्तीची आरसीआय, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का? तुमच्या मुलासाठी नेमकं काय शिकवायचं ते त्यांनी लिहून ठेवलंय का? आई-बाबांना खोलीत बसवतात का? रोबोट कधी कमी करणार, याचा बेत आहे का? शेवटच्या प्रश्नावर समोरचा गोंधळला, तर पॅकेज घेऊ नका. आणि "डोळ्यांत बघायला लावतो" असं कोणी अभिमानाने सांगितलं, तरीही नको. हनुवटी धरून बघायला लावलेल्या लेकराला बघणं म्हणजे शिक्षा वाटू लागते.

रोबोट विकत घेण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: घेऊ नका. किंमत लाखांत आहे, इथे दुरुस्ती होत नाही, मे महिन्यात आपल्याकडे माणसं सावली शोधतात तिथे या मोटरींचं काय सांगावं. शिवाय कंपनीच टिकेल याची खात्री नसते. अमेरिकेतल्या एम्बॉडीड कंपनीने मुलांसाठी मॉक्सी नावाचा रोबोट काढला होता. डिसेंबर 2024 मध्ये कंपनीने बंद होत असल्याचं जाहीर केलं. त्याचं बोलणं कंपनीच्या सर्व्हरवरून चालायचं, त्यामुळे घरोघरच्या आई-बापांवर लेकराला समजावण्याची पाळी आली, की तुझा दोस्त आता बोलणार नाही. नाओ बनवणारी कंपनीही 2025 मध्ये दिवाळखोरीत गेली. ज्या लेकराला रोज तेच आणि तसंच लागतं, त्याच्या हातातून वस्तू अशी एकदम जाणं साधी गोष्ट नाही.

आता नागपूरच्या फेऱ्यांचा हिशोब. दारव्ह्यावरून एसटीने जायला चार-पाच तास, यायला तेवढेच. साडेपाच वर्षांचं लेकरू, हॉर्नचा आवाज, गर्दी, पोटात नीट अन्न नाही. तिथे पोचेपर्यंत त्याची सहनशक्ती संपलेली असते आणि मग ते पाऊण तास रोबोटसमोर बसणार. आठवड्यातले दोन दिवस दुकान बंद, आईचं शेतातलं काम बुडतं, आजी घरी एकटी. हे दोन दिवस तुम्ही घरी देऊ शकलात तर? मी हे मनाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाही. गोवा आणि रावळपिंडी इथे पास नावाचा अभ्यास झाला, 65 मुलं. तज्ज्ञ नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांनी आई-बाबांना लेकराशी कसं खेळायचं ते शिकवलं. आई-बाबांची प्रतिसाद द्यायची पद्धत बदलली आणि मुलं स्वतःहून जास्त संवाद सुरू करू लागली. ना रोबोट, ना मोठं सेंटर.

म्हणजे इथवर जे झालं ते असं: रोबोटचा उपयोग होतो तो त्याच्या एकसारखेपणामुळे आणि थांबण्यामुळे, आणि शेजारी माणूस बसलेला असला तरच. एकसारखेपणा आणि थांबणं घरी करता येतं का? येतं. मला तर ते रोबोटनेच शिकवलं.

तुमच्या घरी तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी असेलच. नसला तर शेजारी मागा. चाकं असलेला हवा, मुलाला फिरणारं आवडतं ते इथे कामाला येईल. सकाळी, तो ताजातवाना असताना, छपरीत बसा. टीव्ही बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत. तो भिंतीला पाठ लावून, तुम्ही समोर जमिनीवर, तुमचा चेहरा त्याच्या चेहऱ्याच्या उंचीवर. बांगड्या वाजत असतील तर आईने तेवढ्यापुरत्या काढून ठेवाव्या. नंदी तुमच्या दोघांच्या मध्ये. "चल नंदी" म्हणा आणि त्याच्याकडे सोडा. दरवेळी हेच दोन शब्द, याच सुरात. "चल रे माझ्या राजा, बघ बघ कसा आला" असं काही जोडू नका. तो चाकं बघेल, बघू द्या. नंदी परत घ्या, पुन्हा "चल नंदी". असं चार वेळा.

पाचव्या वेळी नंदी हातात धरून ठेवा आणि गप्प राहा. चेहरा हसरा, पण हलायचं नाही. मनात दहापर्यंत मोजा. हे दहा आकडे फार लांब वाटतात, बहुतेक बाबा तिसऱ्या आकड्याला बोलून टाकतात. तुम्ही बोलू नका. तो नंदीकडे बघेल, तुमच्या हाताकडे बघेल, कदाचित हात ओढेल. हात ओढला तर नंदी सोडा, पण आधी नंदी आपल्या चेहऱ्याजवळ नेऊन मग सोडा. नजर क्षणभर जरी तुमच्या तोंडाकडे आली, तरी त्याच क्षणी "चल नंदी" आणि सोडा. डोळ्यांत डोळे घालायची गरज नाही, कपाळाकडे पाहिलं तरी चालतं. दहा मिनिटं पुरे. त्याने तोंड फिरवलं की खेळ संपला, ओढून बसवायचं नाही.

आठ-दहा दिवसांत खेळ बसला की तुमच्या जागी आजीला बसवा. आजी जास्त बोलेल, लाडाने हात फिरवेल, तिला समजावून सांगा की पहिले काही दिवस यंत्रासारखंच करायचं. मग मोठ्या भावाला-बहिणीला, चुलत भावंडांना. प्रत्येक माणूस बदलला की दोन पावलं मागे जावं लागतं, घाबरू नका. हळूहळू त्या यंत्रासारख्या खेळात माणूसपण घाला: कधी "चल"ऐवजी मान हलवा, कधी नंदी पदराखाली लपवा, कधी चुकून दुसरीकडे जाऊ द्या. रोबोटला हे जमत नाही, आजीला जमतं.

याच्या आधी किंवा सोबत काही कामं करून घ्या. हाकेला वळत नाही म्हणता, तर कानाची तपासणी झाली आहे का? झाली नसेल तर ती सगळ्यांत आधी, बेरा नावाची चाचणी असते. यवतमाळच्या जिल्हा यंत्रणेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली लवकर हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा. या कार्यक्रमात 18 वर्षांपर्यंतची मुलं येतात, अंगणवाडी ताईंकडेही विचारा. दिव्यांग हक्क कायदा 2016 मध्ये ज्या 21 प्रकारच्या दिव्यांगता धरल्या आहेत, त्यांत ऑटिझम आहे, त्यामुळे यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी अर्ज करा. निरामय विमा योजनेत 1 लाखापर्यंतचं संरक्षण आहे, थेरपीचा खर्चही त्यात मागता येतो. पुढच्या वर्षी मुलगा सहा वर्षांचा होईल. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्याचं नाव घालायचा तुमचा हक्क आहे आणि समग्र शिक्षा या सरकारी योजनेचे विशेष शिक्षक तालुक्याला असतात, त्यांना आत्ताच गाठून ठेवा.

आणि एवढं करूनही तुम्हाला रोबोट बघायचाच असेल, तर त्यात चुकीचं काही नाही. आई-बापाचं मन आहे, करून पाहायचं राहून गेलं असं वाटायला नको. मग पॅकेज न घेता एकच सत्र मागा, दिवाळीच्या सुटीत नागपूरला कोणाकडे मुक्काम करून जा, आणि आत बसायची अट घाला. तिथे जो खेळ दाखवतील तो मोबाइलवर टिपून आणा, घरी तोच नंदीसोबत करता येईल.

नंदीचा खेळ पंधरा दिवस करून मला लिहा. तो किती शब्द बोलला ते नको. रोज खेळाच्या वेळी वहीत एकच गोष्ट टिपा: नंदी थांबवला तेव्हा त्याने आधी कुठे पाहिलं आणि मग कुठे. चाकाकडे, तुमच्या हाताकडे, दाराकडे, जे असेल ते लिहा. एखाद्या दिवशी 'आजीकडे' असं लिहायची वेळ आली, तर त्या वेळी घरात कोण कोण होतं, आजी कुठे बसली होती आणि तिने त्याआधी काय केलं, तेही लिहा. पुढचा खेळ आपण तिथून ठरवू.